परवडणारी प्राइम लेन्स आधी हवी

सप्टेंबर २०१८मध्ये कॅननने ‘ईओएस आर’ हा नवा मिररलेस कॅमेरा आणला, तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत २,२९९ डॉलर होती. तिच्या जोडीला जाहीर झालेल्या ५० मिमी एफ १.२ लेन्सची किंमतही नेमकी तेवढीच, २,२९९ डॉलर. वजन ९५० ग्रॅम, म्हणजे कॅमेऱ्यापेक्षा जड. लेन्स उत्तम होती आणि आजही आहे. पण या नव्या ‘आरएफ’ माउंटसाठी ज्याला साधी, हलकी, खिशाला झेपणारी ५० मिमी हवी होती, त्याला नोव्हेंबर २०२०पर्यंत वाट पाहावी लागली. ती एफ १.८ लेन्स आली १९९ डॉलरला आणि भरली १६० ग्रॅम.

ही एकट्या कॅननची गोष्ट नाही. सोनीने २०१३च्या ऑक्टोबरात ए७ कॅमेरा आणला, तेव्हा सोबत झाइसच्या नावाची ५५ मिमी एफ १.८ लेन्स दिली. किंमत हजार डॉलरच्या घरात. अडीचशे डॉलरची साधी ५० मिमी यायला २०१६ उजाडले. निकॉनची झेड मालिका २०१८मध्ये सुरू झाली. तिची पहिली ५० मिमी एफ १.८ सुमारे ६०० डॉलरची आणि ४१५ ग्रॅमची होती. जुन्या डीएसएलआरसाठीची निकॉनची तशीच लेन्स १८५ ग्रॅमची होती आणि तिला याच्या निम्मेही पैसे पडत नव्हते. झेडसाठी तीनशे डॉलरची ४० मिमी एफ २ आली सप्टेंबर २०२१मध्ये. पॅनासॉनिकने २०१९मध्ये फुलफ्रेममध्ये पाऊल टाकले ते सुमारे २,३०० डॉलरच्या ५० मिमी एफ १.४ लेन्ससह, साडेचारशे डॉलरची एफ १.८ आली २०२१च्या जूनमध्ये.

चार कंपन्या, चार माउंट आणि क्रम एकच. आधी दिमाखाची लेन्स, मग दोन-तीन वर्षांनी गरजेची. हा क्रम उलटा आहे. परवडणारी नॉर्मल प्राइम, म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स, ही नव्या कॅमेरा-प्रणालीची पहिली लेन्स असायला हवी, कारण छायाचित्रण शिकणाऱ्याचा आणि त्यावर पोट भरू पाहणाऱ्याचा रस्ता तिच्यापासूनच सुरू होतो.

कंपन्यांची बाजू समजण्यासारखी आहे. नवा माउंट आणताना त्याची ताकद दाखवावी लागते. आरसा गेल्यामुळे लेन्सची मागची भिंगे सेन्सरच्या अगदी जवळ नेता येतात. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी होते, झेडमध्ये ते १६ मिमीवर आले. माउंटचे तोंडही रुंद झाले. याचा फायदा घेऊन निकॉनने ५८ मिमी एफ ०.९५ची ‘नॉक्ट’ लेन्स बनवली, सुमारे आठ हजार डॉलरची आणि दोन किलोची. अभियंत्यांचा अभिमान म्हणून ती मोलाचीच आहे. पण असल्या लेन्सकडे लोक बघतात, विकत घेणारे मोजके. आणि बघणाऱ्यांपैकी ज्याने कर्ज काढून किंवा वर्षभर पैसे साठवून नवी बॉडी घेतलेली असते, त्याच्या हाती सोबत मिळालेला झूमच राहतो.

नॉर्मल लेन्स म्हणजे काय, तर जिची फोकल लेंग्थ फ्रेमच्या कर्णाच्या आसपास असते ती. २४ गुणिले ३६ मिमीच्या फुलफ्रेमचा कर्ण ४३.३ मिमी भरतो. ऑस्कर बारनाकने वेट्झलारच्या लाइट्स कारखान्यात छोटा कॅमेरा घडवला, तो १९२५मध्ये लाइपत्सिगच्या जत्रेत ‘लायका’ म्हणून लोकांपुढे आला, आणि त्यावर माक्स बेरेकने आखलेली ५० मिमी एफ ३.५ लेन्स होती. कर्णापेक्षा थोडी लांब, पण तेव्हापासून ५० हाच आकडा रूढ झाला. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँचे बरेचसे काम लायका आणि ५० मिमीवर झाले. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूने आपल्या नंतरच्या काळातल्या चित्रपटांत जवळजवळ सगळा संसार ५० मिमीवरच मांडला. एकच दृष्टिकोन वर्षानुवर्षे वापरला की कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वीच चौकटीत काय मावेल आणि काय नाही, हे कळू लागते. ही जाण विकत मिळत नाही. पण ती मिळवण्याचे साधन तरी स्वस्त असायला काय हरकत आहे?

आता किमतीचा प्रश्न. ही लेन्स स्वस्त बनवणे अवघड आहे का? इथे इतिहास छायाचित्रकारांच्या बाजूने उभा राहतो. आजच्या बहुतेक साध्या ५० मिमी लेन्स ज्या रचनेच्या कुळातल्या आहेत तिला ‘डबल गाउस’ म्हणतात. झाइसच्या पाउल रुडोल्फने १८९६मध्ये ‘प्लानार’ या नावाने ती आकाराला आणली. मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी भिंगे बसवली की पुढच्या गटाचे काही दोष मागचा गट आपोआप खोडून काढतो. कल्पना सुरेख होती, पण तिची वेळ आलेली नव्हती. रुडोल्फच्या लेन्सला हवेला लागून असलेले आठ पृष्ठभाग होते आणि प्रत्येकावरून थोडा प्रकाश परत फिरत असे. चित्र फिके पडायचे. त्यामुळे त्याच रुडोल्फची चार भिंगांची ‘टेसार’, १९०२ची, कितीतरी अधिक खपली. पुढे १९२०मध्ये इंग्लंडच्या टेलर, टेलर अँड हॉब्सनमधल्या होरेस ली याने सममिती थोडी मोडून रचना सुधारली. १९३५मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने परावर्तन कमी करणाऱ्या लेपाचा शोध लावला आणि मग डबल गाउसचे भाग्य उघडले.

एसएलआर कॅमेरे आले तेव्हा आणखी एक अडचण उभी राहिली. आरसा वर उचलला जायला जागा लागते, म्हणून लेन्स फिल्मपासून दूर बसवावी लागते. त्यापायीच सुरुवातीच्या अनेक एसएलआर लेन्स ५८ मिमीच्या होत्या. झाइसची ‘बायोटार’ ५८ मिमी एफ २ आणि तिच्यावरून सोव्हिएत रशियात बनलेली ‘हेलिओस-४४’ ही त्याची ठळक उदाहरणे. यथावकाश गणित सुटले आणि ५० मिमी पुन्हा रुळली. याहून छोटी फोकल लेंग्थ हवी असेल तर आरशापायी उलट्या धाटणीची, अधिक भिंगांची रचना करावी लागे. एसएलआरच्या जगात ५० मिमी सर्वांत स्वस्त राहिली त्याचे हे कारण: सहा भिंगे, साधा आकार आणि शंभर वर्षांची तयार विद्या. कॅननच्या १९८७पासूनच्या सगळ्या ईएफ (एसएलआर माउंटच्या) ५० मिमी एफ १.८ लेन्समध्ये सहाच भिंगे आहेत, निकॉनच्या ५० मिमी एफ १.८डीमध्येही सहा आणि २०२०च्या आरएफ लेन्समध्येही सहाच, फक्त त्यातले एक अगोलीय. मिररलेसमध्ये तर आरशाची अडचणही गेली. म्हणजे उशिराचे कारण तंत्रात सापडत नाही. ते विक्रीच्या आखणीत सापडते.

स्वस्त लेन्स माणसाच्या कामात काय फरक पाडते, हे कॅननच्याच एका लेन्सने दाखवले. डिसेंबर १९९०मध्ये आलेली ईएफ ५० मिमी एफ १.८ची दुसरी आवृत्ती दिसायला अगदीच सामान्य होती. वजन १३० ग्रॅम, माउंटसुद्धा प्लास्टिकचा, छिद्राला पाचच पाती, त्यामुळे पार्श्वभूमीतले दिवे पंचकोनी दिसायचे. मोटर करकर करायची. पडली तर दोन तुकडे होण्याबद्दल ती प्रसिद्ध होती. तरीही ती चोवीस वर्षांहून अधिक काळ विकली गेली, कारण एफ २.८ला आणली की तिचे चित्र महागड्या झूमला लाजवायचे. मे २०१५मध्ये तिची जागा एसटीएम आवृत्तीने घेतली: धातूचा माउंट, सात पाती, शांत मोटर, ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाण्याची सोय आणि किंमत १२५ डॉलर. लोक जे मागत होते ते जवळजवळ सगळे तिने दिले, आणि तरी ती स्वस्तच राहिली. मुंबईच्या बोरा बाजारापासून तालुक्याच्या गावापर्यंत पहिली ‘वेगळी’ लेन्स म्हणून मुले हीच घेताना दिसतात, ती यामुळेच.

या मुलांचे काम कुठे चालते हेही पाहायला हवे. लग्नाच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटचा उजेड असतो. वरात अंधार पडल्यावर निघते. गणपतीच्या आरतीला समईचा आणि दिव्यांच्या माळांचा प्रकाश असतो. नाटकाच्या प्रयोगात फ्लॅश मारला तर प्रेक्षक आणि नट दोघेही वैतागतात. कॅमेऱ्यासोबत मिळणारा १८-५५चा झूम ५५ मिमीला एफ ५.६पेक्षा जास्त उघडत नाही. एफ १.८ लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. जिथे झूमवर शटर १/१५ सेकंदावर अडते आणि नवऱ्या मुलीचा हात हलून पुसट होतो, तिथे प्राइमवर १/१२५ सहज मिळते. किंवा आयएसओ ६४००वर चालणारे काम ६४०च्या आसपास भागते. हा फरक फोटो मिळण्याचा आणि न मिळण्याचा आहे. बॉडी बदलून तो भरून काढायचा म्हटले तर लाखाच्या पुढे जावे लागेल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: आता सेन्सर इतके सुधारले, नॉइज काढणारी सॉफ्टवेअर आली, मग मोठ्या छिद्राची लेन्स कशाला? आक्षेपात तथ्य आहे. आयएसओ ६४००चा आजचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीच्या १६००पेक्षा चांगला असतो. पण सॉफ्टवेअर दाणे पुसते, हललेला हात स्थिर करत नाही. शिवाय उघड्या छिद्राने माणूस गर्दीतून वेगळा काढता येतो, ते काम मंद झूमला जमत नाही.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. तो अधिक गंभीर आहे, कारण बाजार खरोखरच त्याने खाल्ला. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या सीपा या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१०मध्ये जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. छोटे कॅमेरे संपले, उरलेल्यांत लेन्स बदलता येणारे कॅमेरे बहुसंख्य झाले. कंपन्यांनी यातून काढलेला निष्कर्ष असा की गिऱ्हाईक कमी आहेत, तर प्रत्येकाकडून जास्त घ्यावे. ताळेबंदाच्या दृष्टीने हे चूक म्हणता येत नाही. एफ १.२च्या एका लेन्सवर जो नफा सुटतो तो स्वस्त लेन्सच्या ढिगावर सुटत नसेल.

पण हाच निष्कर्ष पुढच्या दहा वर्षांना लावून पाहावा. आज वीस वर्षांची मुलगी मोबाइलवर बरे फोटो काढते. मोबाइलचा मुख्य कॅमेरा फुलफ्रेमच्या हिशेबाने २४ ते २६ मिमीसारखा, म्हणजे चांगलाच रुंद. त्यातला पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी गणिताने पुसतो आणि गजऱ्याच्या कडा, नथीचे मोती, सुटलेले केस इथे त्याचा हात अजूनही अडखळतो. त्या मुलीला कॅमेरा का घ्यावासा वाटेल? कॅमेऱ्यासोबतच्या मंद झूममधून आलेला फोटो तिच्या मोबाइलपेक्षा वेगळा दिसला नाही, तर ती कॅमेरा आठवडाभरात कपाटात ठेवेल. पहिल्याच दिवशी मोबाइलला न जमणारे काहीतरी कॅमेऱ्याने करून दाखवले पाहिजे. ते काम दोनशे डॉलरची एफ १.८ लेन्स करते. कंपन्यांना उद्याचे गिऱ्हाईक हवे असेल तर ही लेन्स त्यांनी नफ्याच्या तक्त्यात शेवटी टाकून चालणार नाही. पॅनासॉनिकने हे एकदा करून दाखवले होते. २००९मध्ये जीएफ१ हा छोटा कॅमेरा त्यांनी २० मिमी एफ १.७च्या जोडीने विकला. लेन्स शंभर ग्रॅमची, चपटी, आणि त्या सेन्सरच्या मानाने नॉर्मल. त्या संचाची आठवण लोक आजही काढतात. फिल्मच्या काळात तर हाच रिवाज होता. एसएलआर घेतला की त्यावर ५० मिमी लागलेलीच यायची. झूमने ती जागा नंतर घेतली.

भारतातल्या बहुसंख्य नवशिक्यांसाठी मात्र प्रश्न ५० मिमीपाशी संपत नाही. त्यांच्या हातात एपीएस-सी सेन्सरचे, म्हणजे छोट्या फ्रेमचे कॅमेरे असतात. निकॉन, सोनी, फूजीच्या अशा कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स ७५ मिमीसारखी वागते, कॅननवर ८० मिमीसारखी. चेहरे टिपायला ती झकास, पण नॉर्मल नव्हे. हिशेब सोपा आहे. तीन मीटर अंतरावरून फुलफ्रेमवरची ५० मिमी सव्वादोन मीटरच्या आसपास रुंदी पकडते. कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर तीच लेन्स जेमतेम १.३ मीटर. दहा बाय बाराच्या खोलीत हळदीचा कार्यक्रम चालू आहे, मागे भिंत आहे, आणि नवरी, आई, दोन करवल्या चौकटीत बसत नाहीत. मग पुन्हा झूम लावला जातो आणि पुन्हा अंधाराशी झगडा. ‘निफ्टी फिफ्टी’चे कौतुक ऐकून ती घेतलेल्या कित्येकांचा असा हिरमोड होतो. छोट्या सेन्सरला हवी २८ ते ३५ मिमीची लेन्स, आणि ती स्वस्त मिळणे हेच नेहमी कठीण राहिले आहे.

या बाबतीत निकॉनची गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. २००६च्या अखेरीस त्यांनी डी४० आणला. छोटा, हलका, स्वस्त, पण फोकसची मोटर बॉडीत नव्हती. त्यामुळे तोवरची स्वस्त ५० मिमी एफ १.८डी त्यावर लागायची, पण फोकस हाताने करावा लागायचा. नवशिक्यांसाठीच्या कॅमेऱ्यावर नवशिक्यांची लेन्स चालेना! दोन वर्षांहून अधिक काळ लोक मोटर असलेली, स्वस्त, खरी नॉर्मल लेन्स मागत राहिले. फेब्रुवारी २००९मध्ये ३५ मिमी एफ १.८जी डीएक्स जाहीर झाली, १९९ डॉलरला. ती छोट्या सेन्सरवर सुमारे ५२ मिमीसारखी. एका मागणीचे इतके नेमके उत्तर कॅमेऱ्याच्या धंद्यात क्वचित मिळते. आणि त्या उत्तराने निकॉनचे काही बिघडले नाही. ज्यांनी ती घेतली ते निकॉनचेच राहिले.

फूजीने २०२०मध्ये वेगळ्या वाटेने तेच साधले. त्यांच्याकडे ३५ मिमी एफ २ ही लेन्स आधीच होती, चारशे डॉलरची. तिचीच भिंगरचना त्यांनी प्लास्टिकच्या नळीत बसवली, अ‍ॅपर्चरचे कडे काढले, पावसापासूनचे संरक्षण काढले आणि ‘एक्ससी’ नावाने ती १९९ डॉलरला दिली. काच तीच, पैसे निम्मे. स्वस्त म्हणजे सुमार, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे. खर्च बाह्य घडणीत कापता येतो, चित्रात कापायची गरज नाही.

कॅननने याच काळात नेमके उलटे केले. आर७ आणि आर१० हे एपीएस-सी कॅमेरे मे २०२२मध्ये आले आणि पुढची तीन वर्षे त्या सेन्सरसाठी खास अशी एकही नॉर्मल प्राइम कॅननकडून आली नाही. झूम येत राहिले. फुलफ्रेमसाठीची २८ मिमी एफ २.८ चपटी लेन्स २०२३मध्ये मिळाली, ती या कॅमेऱ्यांवर ४५ मिमीसारखी चालते आणि चांगलीही आहे, पण एफ २.८ आणि तीनशे डॉलर. त्यात बाहेरच्यांना दार बंद. २०२२मध्ये व्हिल्ट्रॉक्स या चिनी कंपनीने आरएफ माउंटच्या ऑटोफोकस लेन्सची विक्री थांबवली. कॅननने पेटंटच्या हक्कावर बोट ठेवले होते. एप्रिल २०२४मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवाना मिळाल्याचे जाहीर झाले, तोही फक्त एपीएस-सी लेन्ससाठी. पेटंट जपण्याचा कंपनीला हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याने दार बंद केले, त्याने आत पुरेसे वाढायला हवे. सोनीने २०११मध्येच ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना विनाशुल्क खुली केली होती. आज सोनीच्या कॅमेऱ्यासाठी स्वस्त प्राइम शोधणाऱ्यापुढे डझनावारी पर्याय असतात, आणि त्या कॅमेऱ्यांच्या खपाचे एक कारण हेही आहे. सोनीची स्वतःची ५० मिमी एफ १.८ मात्र मागेच राहिली. २०१६च्या त्या लेन्सची मोटर संथ आणि आवाजी आहे, आणि व्हिडिओच्या या दिवसांत ती फार खटकते.

तर नवी स्वस्त नॉर्मल लेन्स नेमकी कशी असावी? इथे छायाचित्रकारांनीही आपली मागणी तपासून घ्यायला हवी. एफ १.४ आणि एफ १.२चा हट्ट धरला की स्वस्ताईवर पाणी सोडावे लागते. ५० मिमीला एफ १.८साठी सुमारे २८ मिमी व्यासाचे प्रवेशछिद्र पुरते, एफ १.२साठी ते ४२ मिमी लागते. व्यास दीडपट झाला की काचेचे आकारमान तिपटीहून जास्त वाढते, आणि दोष आवरायला आणखी भिंगे घालावी लागतात ती वेगळीच. मिळतो काय, तर सव्वादोनपट प्रकाश. कॅननने नोव्हेंबर २०२५मध्ये ४५ मिमी एफ १.२ एसटीएम ही लेन्स पाचशे डॉलरच्या आत आणि ३४६ ग्रॅममध्ये आणली, हे कौतुकास्पदच आहे; फुलफ्रेमसाठी एफ १.२ इतक्या स्वस्तात पूर्वी कुणी ऑटोफोकससह दिले नव्हते, असे म्हटले तरी फार अतिशयोक्ती होणार नाही. पण पाचशे डॉलर ही पहिल्या लेन्सची किंमत नव्हे. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या लेन्सची आहे.

पहिल्या लेन्ससाठी एफ १.८ किंवा एफ २ पुष्कळ झाले. फुलफ्रेमला ५०पेक्षा ४० मिमी अधिक सोयीची, कारण ती ४३च्या कर्णाच्या जवळ आहे आणि आपल्याकडच्या घरांत मागे सरकायला जागा कमी असते. निकॉनची १७० ग्रॅमची ४० मिमी एफ २ या दृष्टीने आजची सर्वांत शहाणी स्वस्त लेन्स ठरते. मोटर शांत हवी, कारण आता प्रत्येक लग्नात फोटोंबरोबर रील्सही करून द्यावे लागतात. प्लास्टिकच्या नळीबद्दल कुरकुर नको. माउंटपाशी रबराची एक कडी मात्र हवीच. कोकणातल्या पावसात आणि वारीच्या धुळीत काम करणाऱ्याला तिची किंमत ठाऊक असते, आणि कारखान्याला तिचा खर्च नगण्य. पॅनासॉनिकने आपल्या ५० मिमी एफ १.८ला धूळ-पाण्यापासून संरक्षण दिलेच आहे. हूडही डब्यातच यावा. कॅनन तो आपल्या साध्या लेन्ससोबत देत नाही, वेगळा विकते. दोनशे डॉलरच्या वस्तूत ही कंजुषी शोभत नाही.

यातले काहीही अशक्य कोटीतले नाही. प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या कंपनीने कुठल्या ना कुठल्या लेन्समध्ये करून दाखवलेली आहे. एकाच लेन्समध्ये, दोनशे डॉलरच्या आसपास, आणि कॅमेरा बाजारात येईल त्याच दिवशी ती मिळावी, एवढेच उरले आहे.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. छायाचित्रण शिकवणाऱ्या संस्थांनी आणि कॅमेरा क्लबांनी विद्यार्थ्यांना आळीपाळीने वापरायला दोन-चार नॉर्मल प्राइम ठेवाव्यात. एका बऱ्या झूमच्या पैशात त्या येतात. नवा कॅमेरा घेणाऱ्याने दुकानदाराकडून झूमच्या संचाबरोबरच नुसती बॉडी आणि एक प्राइम असाही हिशेब मागावा. कॅमेरा एपीएस-सी असेल तर ५० मिमीच्या नावाला न भुलता २८ ते ३५ मिमीमधली लेन्स बघावी. बजेट अगदीच तोकडे असेल तर जुन्या लेन्सकडे वळावे, पण आधी माहिती करून घ्यावी: कॅननची ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम अ‍ॅडॅप्टर लावून आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससह चालते, निकॉनची एएफ-एस ५० मिमी एफ १.८जी झेड कॅमेऱ्यांवर एफटीझेड अ‍ॅडॅप्टरने तशीच चालते, परंतु त्याहून स्वस्तात मिळणारी १.८डी त्या अ‍ॅडॅप्टरवर ऑटोफोकस करत नाही.